गिरवलेले मेंढपाळ

नाताळच्या गोठ्यामागे टांगावयाचा पडदा रंगविण्याचे काम २०१७ साली आम्ही आठवीत शिकणाऱ्या एका मुलाकडे सोपविले. शिरोळ भागात आपली कुटुंबे मोजकीच आहेत. कोणी साखर कारखान्यात आहे, कोणी इचलकरंजीच्या यंत्रमागावर, कोणी शेतमजुरी करणारा. पडद्यासाठी कोल्हापूरहून चित्रकार बोलावणे आपल्याला झेपणारे नव्हते, आणि मुलाचा हात चांगला आहे याविषयी सर्वांचे एकमत होते. त्याच्या वडिलांनी मात्र तक्रारीच्या सुरातच त्याला आमच्या पुढे उभे केले. "फादर, पोरगं दिवसरात चित्रंच गिरवत बसतंय बघा. अभ्यासाचं नाव न्हाई. निदान देवाच्या कामाला तरी लागू दे."

पडदा तयार झाला. निळे आकाश, तारा, डोंगरांची रांग, मेंढरे आणि तीन मेंढपाळ. मंडळी प्रसन्न झाली. आम्हीही झालो, परंतु मध्यरात्रीच्या मिस्सानंतर जवळ जाऊन पाहिले, तेव्हा आम्हांस हसू आवरेना. उजवीकडचे दोन मेंढपाळ कोणत्या तरी परदेशी शुभेच्छापत्रावरून उतरून घेतले होते. टोपी जोडलेले लांब झगे, गोरे गाल, सोनेरी दाढ्या. डावीकडचा तिसरा त्याहून ओळखीचा होता. पुढे टाकलेला पाय, पिळदार मिशा, मागे वळलेली मान, खांद्यावर आडवे घेतलेले कोकरू. हा तर चांदोबातला विक्रम राजा! प्रेताच्या जागी कोकरू आले होते आणि तलवारीच्या जागी काठी, एवढाच काय तो फरक.

नाताळनंतरच्या आठवड्यात मुलांची चित्रकला स्पर्धा झाली. परीक्षक आम्हीच होतो. त्या मुलाच्या चित्रात तोच मेंढपाळ पुन्हा आला होता. आम्ही कागदाच्या कोपऱ्यात 'नक्कल' असा शब्द लिहिला आणि ते चित्र बाजूला ठेवले. मुलगा काही बोलला नाही. पुढचे पाच-सहा रविवार तो धर्मशिक्षणाच्या वर्गाला आला नाही, तेव्हा त्या शब्दाचे वजन आम्हांस कळले. पुष्कळ दिवस तो शब्द आमच्या मनात घोळत राहिला. पुढे जे लिहिले आहे ते त्या घोळण्यातूनच आलेले आहे. वाचकांनी ते एका चुकलेल्या परीक्षकाचे निवेदन समजून वाचावे.

व्यंगचित्रे आणि गोष्टींतील चित्रे गिरवून चित्रकला शिकता येते काय? पालक हा प्रश्न आम्हांस वेगळ्या शब्दांत विचारतात : हे शिकणे आहे की वेळ घालविणे? शाळेतील चित्रकलेच्या शिक्षकांचे उत्तर बहुधा ठरलेले असते. समोर तांब्या-पेला ठेवा, झाड पाहा, माणूस पाहा, पण दुसऱ्याचे चित्र पाहून चित्र काढू नका. उत्तर चुकीचे नाही. मात्र चित्रकलेचा इतिहास त्याला पुरती साथ देत नाही.

एक उदाहरण आपल्या घरचेच म्हणावे असे आहे. १५८० साली येशूसंघीय धर्मगुरू फतेहपूर सिक्री येथे अकबराच्या दरबारी पोचले. त्यांनी बादशहाला अँटवर्प येथे छापलेल्या बहुभाषी बायबलचे खंड भेट दिले. त्यांतील कोरीव ठशांची चित्रे आणि त्यांच्यामागून आलेली इतर युरोपीय चित्रे दरबारी चितारी नकलून घेऊ लागले. पुढे १६०० साली अबुल हसन नावाच्या, वयाचे तेरावे वर्ष चालू असलेल्या मुलाने जर्मन चित्रकार ड्यूरर याच्या १५११ सालच्या ठशातील संत योहान उतरून काढला. हे चित्र आज ऑक्सफर्डच्या संग्रहालयात आहे. मूळ ठसा जेमतेम तळहाताएवढा आहे आणि त्याचा विषय क्रूसारोहण हा आहे. मुलाने क्रूस घेतला नाही, मरियामाता घेतली नाही. दुःखाने उभा असलेला एकटा योहान तेवढा उचलला. धातूवर कोरलेल्या रेघांचे जाळे त्याला आपल्या हाताच्या सवयीत बसवावे लागले. झग्याची प्रत्येक चुणी कोठून निघते आणि कोठे विरते याचा माग घेतल्यावाचून ते साधले नसते.

हाच मुलगा मोठेपणी जहांगीराच्या दरबारातील थोर चित्रकार झाला. बादशहाने त्याला 'नादिर उझ् जमान', म्हणजे काळातील दुर्मीळ रत्न, ही पदवी दिली. चिनार वृक्षावर बागडणाऱ्या खारींचे एक प्रसिद्ध चित्र त्याचे मानले जाते. त्यात प्रत्येक खार निराळी आहे. एक चढते, एक थबकते, एक ढोलीतून डोकावते. अशा खारी कोणी ठशावरून गिरवून काढू शकत नाही. त्या पाहाव्या लागतात. परंतु ज्या डोळ्याने त्या पाहिल्या, त्या डोळ्याला ड्यूररच्या चुण्यांनी वळण लावले नसेल, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

युरोपात तर नक्कल हीच चित्रशाळेची पहिली इयत्ता होती. चौदाव्या शतकाच्या अखेरच्या पिढीतील इटालियन चित्रकार चेन्निनो चेन्निनी याने शिकाऊ मुलांसाठी जो ग्रंथ लिहिला, त्यात एकच उत्तम गुरू निवडून त्याची चित्रे सतत उतरवावीत, आज हा आणि उद्या तो असे करू नये, असा सल्ला आहे. आपल्याकडचे गवई याहून वेगळे काय सांगतात? शिरोळच्या शेजारी मिरज आहे. तेथे अब्दुल करीम खाँसाहेब राहिले. इकडे कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने अल्लादिया खाँसाहेब राहिले. त्यांच्या शिष्यांनी वर्षानुवर्षे गुरूमागून तीच तान तशीच घेतली. त्याला कोणी नक्कल म्हटले नाही, तालीम म्हटले. चित्रकाराच्या मुलाने तेच केले की आपण कपाळाला आठ्या का घालतो, हे कोडे आहे.

व्हिन्सेंट व्हॅन गॉगची कथा येथे सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण तो आधी आमच्याच वाटेने निघाला होता. बेल्जियमच्या कोळसा खाणींच्या मुलखात तो सुवार्तेचा प्रचारक म्हणून गेला. १८७९ साली त्याची नेमणूक पुढे चालू ठेवली गेली नाही. १८८० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने चित्रकार होण्याचे ठरविले, आणि तेव्हा त्याने काय केले? बार्ग नावाच्या चित्रकाराने तयार केलेल्या रेखनपाठांचे तक्ते आणि मिले याच्या शेतकऱ्यांच्या चित्रांचे छापील ठसे मागवून एकामागून एक गिरविले. पुढे हेग शहरी असताना इंग्रजी साप्ताहिकांतील छापील चित्रांचा मोठा संग्रह त्याने जमविला. खाणकामगार, म्हातारे, अनाथ मुले यांची ती चित्रे होती. सभ्य चित्रकार ज्याला वर्तमानपत्री चित्र म्हणून नाक मुरडत, ते हा माणूस कात्रून जपून ठेवीत असे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट नंतरची आहे. १८८९-९० साली सेंट रेमी येथील रुग्णालयात असताना त्याने मिले आणि दलाक्र्वा यांच्या चित्रांवरून रंगीत चित्रे केली. त्याच्यासमोर मूळ रंगचित्रे नव्हती; काळ्या-पांढऱ्या छापील प्रती होत्या. रेषा दुसऱ्याची, रंग मात्र सगळा त्याचा. मृत ख्रिस्ताला कवेत घेणारी मरिया त्याने निळ्या-पिवळ्या वादळात रंगविली, ती अशीच एका छापील प्रतीवरून. हे काम आपण एखाद्या वादकाने थोर संगीतकाराची रचना वाजवावी तसे करतो आहोत, अशा आशयाचे त्याने भावाला लिहिले होते. रंगकाम शिकण्याची ही रीत आमच्या मते फार मोलाची आहे. मूळ चित्र रंगीत असेल तर मुलगा रंगही उतरवून मोकळा होतो. बिनरंगाचे असेल तर आकाश संध्याकाळचे की पहाटेचे, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते.

तेव्हा गिरवावे की नाही हा खरा वादाचा प्रश्न नव्हेच. काय गिरवावे आणि ते कसे ओळखावे, हा आहे. येथे थोडी कठोर समीक्षा करणे भाग आहे. ज्या चित्रकारांवर महाराष्ट्राने प्रेम केले त्यांच्याविषयी हे बोलणे असल्यामुळे वाचकांची आगाऊ क्षमा मागतो.

प्रथम चांदोबा. आज ते मासिक निघत नाही. परंतु रद्दीच्या दुकानांतून आणि जुन्या पेट्यांतून त्याचे अंक अजून मुलांच्या हाती पडतात. विक्रम-वेताळाचे चित्र ज्यांनी घराघरांत पोचविले ते शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन. १९२४ साली तमिळ मुलखात जन्मलेले, मद्रासच्या कलाशाळेत शिकलेले आणि २०२० साली निवर्तलेले हे चित्रकार. त्यांच्या चित्रात दागिने, पागोटी, खांब, कमानी यांची गर्दी असते, आणि गिरवणारी मुले नेमकी तीच आधी उचलतात. शंकरांचे खरे बळ अन्यत्र आहे. त्यांची माणसे जमिनीवर उभी असतात. विक्रमाच्या खांद्यावर प्रेत आहे हे आपण झाकून ठेवले तरी त्याच्या कमरेच्या बाकावरून आणि पुढे टाकलेल्या पायावरून कळते की, या माणसाने ओझे घेतले आहे. भार कोठे पडतो, हे दाखविणारी ती रेषा आहे.

दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांचे राजे दोन, दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर. दोघेही मूळचे गोव्याचे. दलालांनी १९४५ साली 'दीपावली' हे नियतकालिक सुरू केले आणि मराठी घराला रंगीत चित्र पाहण्याची सवय लावली. त्यांच्या रेषेला असलेला झोक क्वचितच दुसऱ्या कोणाला लाभला. मुळगावकरांच्या देवदेवता तर कॅलेंडरांवरून माजघरापर्यंत पोचल्या. आमचे म्हणणे इतकेच की, शिकाऊ मुलाने ही चित्रे गिरवू नयेत. निदान आरंभी नयेत. त्यांतील झिलई इतकी पूर्ण असते की ती कशी आली याचा मागच उरत नाही. गालावरची छटा कोठे सुरू झाली आणि कोठे संपली हे दिसत नाही. मुलगा महिनाभर घासतो आणि त्याच्या हाती येतो एक टपोरा डोळा, एक कमानदार भुवई. पुढे तो आपल्या आईचे चित्र काढील तेव्हाही तोच डोळा तिला बसवील. हा दोष दलाल-मुळगावकरांचा नव्हे. त्यांची चित्रे पाहण्यासाठी आहेत, पाटीवर गिरवण्यासाठी नाहीत.

मग पाटी कोणती? आमच्या मते शि. द. फडणीस.

फडणिसांचा जन्म २९ जुलै १९२५ रोजी भोज या गावी झाला. हे गाव सीमेपलीकडे बेळगाव जिल्ह्यात असले तरी आमच्या शिरोळपासून फार लांब नाही. पाणी, भाषा, ऊस सर्व एकच. शाळेसाठी ते कोल्हापुरात आले आणि पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले. 'हंस' आणि 'मोहिनी' यांच्या मुखपृष्ठांनी ते महाराष्ट्राला ठाऊक झाले. ज्याच्या सदऱ्यावर मांजरांची नक्षी आहे असा तरुण आणि जिच्या साडीवर उंदरांची नक्षी आहे अशी तरुणी, हे त्यांचे मुखपृष्ठ अनेक घरांत आजही आठवले जाते. चित्रात शब्द एकही नाही, आणि सांगायचे काही राहिलेलेही नाही. आमच्या पिढीचे भाग्य असे की गणिताच्या पाठ्यपुस्तकांतही फडणिसांची चित्रे होती. बेरीज चुकली तरी चित्र पाहण्यासाठी पान उघडले जाई.

गिरवण्यासाठी ही चित्रे उत्तम का? पहिली गोष्ट, रेषा एकसारखी आणि उघडी आहे. ती जाड-बारीक होऊन लाडिकपणा करीत नाही आणि सावलीच्या आड लपत नाही. खुर्ची चुकली तर चुकलेली दिसते. दुसरी, रंग सपाट आहेत. शेजारी-शेजारी ठेवलेले दोन सपाट रंग एकमेकांचे काय करतात, हे तेथे स्वच्छ शिकता येते. कडा बोटाने पुसून सुटका करून घेता येत नाही. आम्ही ज्या मुलाविषयी सांगत आहोत त्याच्या हाती पुढे फडणिसांच्या चित्रांचे पुस्तक दिले, तेव्हा तो काळजीत पडला. "ह्यात सावलीच न्हाई की, फादर. मग रंगवू कुठं?" त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस देता आले नाही, पुस्तकानेच ते हळूहळू दिले. तिसरी गोष्ट आमच्या दृष्टीने सर्वांत मोठी. फडणिसांच्या चित्रात प्रसंग भलताच असतो आणि माणसांचे चेहरे मात्र शांत असतात. जणू सदऱ्यावर मांजर असणे हा रोजचाच व्यवहार आहे. गिरवणारा मुलगा सवयीने त्या चेहऱ्यावर मोठे हसू काढून ठेवतो, आणि विनोद तत्काळ मरतो. मग तो मूळ चित्राकडे परत जातो, ओठाची रेघ मोजतो. त्या मोजण्यात तो जे शिकतो ते कोणत्याही पाठ्यक्रमात सापडणार नाही.

कोल्हापूरचेच दुसरे थोर व्यंगचित्रकार वसंत सरवटे (१९२७–२०१६). पेशाने अभियंते, आणि व्यंगचित्रकलेवर गंभीरपणे लिहिणारे. त्यांची चित्रे मुलांनी गिरवू नयेत, मोठ्यांनी वाचावीत. त्यांची रेषा विचार करीत चालते आणि तिचा हात धरायला आधी थोडे वय लागते.

वाईट गिरवणे कसे असते, हेही सांगितले पाहिजे. कागदाला रॉकेल लावून तो पारदर्शक करणे आणि खालचे चित्र छापून घेणे, हे आम्ही स्वतः लहानपणी केले आहे. त्यात हात फिरतो, डोळा झोपलेला असतो. चौकटी आखून चित्र मोठे करण्याची पद्धत त्याहून बरी. कोल्हापूरच्या फलक रंगविणाऱ्यांनी आणि सिनेमाचे मोठाले पडदे रंगविणाऱ्यांनी तिच्या बळावर पिढ्या जगविल्या. पण तेथेही शिकाऊ मुलाचे लक्ष चौकटीतल्या तुकड्याकडे असते, आणि माणूस तुकड्यातुकड्याने उभा राहत नाही. गंमत अशी की, ज्या शासकीय रेखाकला परीक्षांत दुसऱ्याचे चित्र समोर ठेवायला मज्जाव आहे, त्यांतल्या स्मरणचित्राच्या तासालाच अत्यंत कोरडी नक्कल चालताना आम्ही पाहिली आहे. बाजार, पाणवठा, होळी, बस थांबा : मार्गदर्शक पुस्तकातील तीच चार चित्रे मुले पाढ्यांसारखी पाठ करून जातात. आठवडा बाजार ज्यांच्या दारात भरतो अशा कुरुंदवाडच्या किंवा जयसिंगपूरच्या मुलाने पुस्तकातला बाजार काढावा, आणि त्याला चांगली श्रेणी मिळावी! तेथे कोणी 'नक्कल' असे लिहीत नाही.

आता आम्ही पुन्हा आमच्या पडद्याकडे येतो, कारण आमची चूक तेथेच उघडी पडते. त्या एकाच पडद्यावर गिरवलेली तीन माणसे होती. शुभेच्छापत्रावरचे दोन मेंढपाळ निर्जीव होते. त्यांचे झगे मुलाने कधी पाहिले नव्हते. आतले शरीर कोठे आहे हे त्याला ठाऊक नव्हते. त्यामुळे झगे नुसते लोंबत होते. तिसरा मात्र उभा होता. प्रेत काढून कोकरू ठेवताना मुलाने नकळत एक अवघड काम केले होते. कोकरू प्रेताहून लहान आणि हलके असते. म्हणून त्याने विक्रमाची वाकलेली कंबर थोडी सरळ केली होती, आणि कोकराचे पाय धरण्यासाठी डावा हात वर घेतला होता. मूळ चित्राचा भार त्याला कळला होता, म्हणूनच तो बदलता आला. जो केवळ बाह्यरेषा उतरवतो त्याला असा बदल करता येत नाही. एक वस्तू काढली की त्याचे सगळे चित्र कोसळते. गिरवणे हे शिकणे झाले की नाही, याची याहून चांगली कसोटी आम्हांस आजवर सापडलेली नाही.

आणि लाजिरवाणी गोष्ट ही की, हे ओळखण्याची साधने आमच्यापाशी होती. सेमिनरीत आम्ही ख्रिस्ती कलेचा इतिहास शिकलो आहोत. रोमच्या भुयारी दफनभूमींच्या भिंतींवर तिसऱ्या शतकात रंगविलेला चांगला मेंढपाळ, खांद्यावर कोकरू घेतलेला, आमच्या पुस्तकात होता. हा मेंढपाळ त्या ख्रिस्ती चिताऱ्यांनी कोठून आणला? ग्रीक आणि रोमन लोकांच्या ओळखीच्या शिल्पांतून. खांद्यावर मेंढा किंवा वासरू घेतलेल्या पुरुषाची आकृती त्यांच्याकडे ख्रिस्ताच्या कितीतरी शतके आधीपासून होती. अथेन्सच्या टेकडीवर सापडलेला वासरूधारी तर ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातला आहे. देवाला बळी द्यायला नेलेले जनावर होते, त्याचे हरवून सापडलेले कोकरू झाले. आकृती तीच राहिली आणि अर्थ बदलला. आमच्या शिरोळच्या मुलाने वेताळाच्या प्रेताचे कोकरू केले, तेव्हा सतराशे वर्षांपूर्वीच्या त्या अनामिक चिताऱ्यांच्या रांगेत तो जाऊन बसला होता. परीक्षेत आम्ही त्या रोमन मेंढपाळावर चांगले उत्तर लिहिले असेल. समोर आला तेव्हा मात्र त्याच्या कोपऱ्यात 'नक्कल' असे लिहिले.

आमच्या घरांतील भिंतींविषयीही एक शब्द. येशूच्या पवित्र हृदयाची जी तसबीर आपण पिढ्यान् पिढ्या लावीत आलो, ती प्रतीची प्रत आहे, आणि त्यात भक्तीच्या दृष्टीने काहीच उणे नाही. परंतु चित्र शिकणाऱ्या मुलाला घरात तेवढेच दिसत असेल तर मरियामाता नेहमी निळ्या झग्यातच असते, असे त्याला वाटू लागते. गोव्याच्या सांतो इस्तेव्ह येथे १९०२ साली जन्मलेले आंजेलो द फोन्सेका हे मुंबईच्या कलाशाळेत शिकले आणि तेथून शांतिनिकेतनला अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्यापाशी गेले. तेथेही ते गुरूंचीच रेषा शिकले; मात्र ती घेऊन परतल्यावर त्यांनी मरियेला साडी नेसविली. गोव्यात त्याविषयी नाराजी झाली. त्यांचे पुढचे बरेचसे आयुष्य पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात गेले. १९६७ साली ते वारले. पुण्यात शिकत असताना आम्ही त्यांचे एक चित्र पाहिले. मरिया जमिनीवर बसली होती, आपल्या आया-बहिणी बसतात तशी. शांतिनिकेतनची हलकी, धुतल्यासारखी रंगछटा चित्रभर होती. गुरूची छाप लपलेली नव्हती, आणि चित्र मात्र दुसऱ्या कोणाचे असणे शक्य नव्हते.

व्यंगचित्रकारांपैकी आर. के. लक्ष्मण (१९२१–२०१५) यांचे बालपण या संदर्भात पाहण्याजोगे आहे. म्हैसूरच्या घरी येणाऱ्या इंग्रजी नियतकालिकांतील चित्रे ते वाचता येऊ लागण्याच्या आधीपासून न्याहाळीत. डेव्हिड लो या व्यंगचित्रकाराची सही त्यांना फार दिवस 'काऊ' अशी, म्हणजे गाय अशी, वाटत होती. लोच्या रेषेचा ठसा त्यांच्या चित्रांवर राहिला, आणि तो त्यांनी कधी नाकारला नाही. पण त्याच वयात ते खिडकीतून कावळे पाहत होते. पुढे जगभर वाखाणले गेलेले कावळे त्यांनी कोणाकडून उसने घेतले नाहीत. जे. जे. कलाशाळेने त्यांना प्रवेश नाकारला होता, ही जाता जाता केलेली नोंद. ती आमच्यासारख्या परीक्षकांनी अधूनमधून आठवावी. मारिओ मिरांडा (१९२६–२०११) यांनी तर लोटलीच्या घराच्या भिंती रंगविल्या म्हणून आईने त्यांना कोरी वही आणून दिली, आणि त्या वह्यांत गावचे लोक, बँडवाले, लग्ने, बाजार सगळे आले. आम्हा धर्मगुरूंच्या पोटाचे घेरही आले. ते अतिशयोक्त आहेत असे म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही.

मुलाच्या घरी आम्ही स्वतः गेलो तो दिवस अजून आठवतो. त्याच्या आईने चहा ठेवला. आम्ही चूक झाली असे सरळ सांगितले. वडील अवघडून उभे होते. फादरांनी पोराची माफी मागावी हे त्यांना रुचले नसावे. मुलाने पेटीतून चांदोबाचे दहा-बारा अंक काढून दाखविले. पाने सुटी झाली होती आणि प्रत्येक चित्राच्या कडेला पेन्सिलीच्या खुणा होत्या. येथे हात, येथे गुडघा, येथे किती बोटे दिसतात याचा हिशेब. इतक्या लक्षपूर्वक आम्ही एखादा ग्रंथ वाचला असता, तर आमची प्रवचने बरी झाली असती. पुढच्या भेटीत आम्ही फडणिसांचे पुस्तक घेऊन गेलो. खिद्रापूरला सायकलने जाता येते, तेथे कोपेश्वराच्या देवळातल्या दगडी हत्तींचे पाय पाहून ये, असेही त्याला सांगितले. त्या पायांना भार कसा पेलायचा ते ठाऊक आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगा यांचे पाणी चढले. शिरोळ तालुक्याने २००५ चा पूर पाहिला होता. हा त्याहून वर गेला. त्या कुटुंबाला एका शाळेत हलविले. पाणी ओसरल्यावर घरी परतले, तेव्हा पेटी चिखलाने भरली होती. चांदोबाच्या पानांचा लगदा झाला होता, आणि फडणिसांचे पुस्तकही गेले. आम्ही पुस्तक दुसरे आणून देतो म्हणालो. मुलगा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या फादर, आत्ता नको." शाळेतल्या निवाऱ्यात असताना त्याने वहीच्या उरल्या पानांवर काही चित्रे काढली होती. गुरांसह अडकलेली माणसे, नावेत बसलेली म्हातारी, भाकरीची रांग. रेषा एकसारखी, सावली नाही. चेहरे शांत. रांगेत उभ्या असलेल्या एका माणसाच्या डोक्यावर पातेले होते, आणि पातेल्यात मांजर बसले होते. आम्ही विचारले, हे खरेच होते का? "व्हतं की," तो म्हणाला.

त्या वर्षीच्या नाताळचा पडदा त्यानेच रंगविला. आकाश निळे केले नाही; पावसानंतर दोन-तीन महिन्यांनीही आमच्या भागात मळकट राहणारे आकाश काढले. मागे आडवा झालेला ऊस. डोंगरांची रांग नाही, कारण शिरोळहून ती दिसत नाही. परदेशी झगेवाले मेंढपाळ गेले होते. आपल्याकडे ऊस तुटल्यावर मोकळ्या रानात मेंढरे बसवणारे धनगर येतात, त्यांतले दोघे त्यांच्या जागी होते. काळी घोंगडी, पायात जाडजूड वहाणा. घोंगड्याच्या आत माणूस होता. त्यांपैकी एकाची मान कोकराच्या वजनाने नव्हे, झोपेने झुकली होती. हे कोठल्याही शुभेच्छापत्रावर मिळत नाही. तिसरा मेंढपाळ डावीकडेच, जुन्या जागी होता. गुडघाभर पाण्यातून तो कोकरू खांद्यावर घेऊन येत होता, आणि पाण्याखालचा पाय चाचपत टाकलेला स्पष्ट कळत होता. पाण्याचा रंग थोडा चिकट झाला होता, हे आम्ही त्याला सांगितले. ते त्याला पटले. आणखी एक गोष्ट सांगावी की नाही या विचारात आम्ही पडद्यासमोर बराच वेळ उभे राहिलो आणि शेवटी बोललो नाही. धनगराच्या मिशा अजून विक्रम राजाच्याच होत्या.